तिकडच्या बाई

ऑपरेशनच्या खोलीत सगळ्यांत जास्त चेष्टा होते ती तिथे हजर नसलेल्या माणसाची. तिकडच्या बाई त्या खोलीत कधीच नसत. त्या दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तीन पडद्यांपुढे बसलेल्या असत, आणि इकडे टेबलावर पालथ्या झोपवलेल्या माणसाच्या नसा ठीक आहेत की नाहीत ते तिथून सांगत. "उंटावरून शेळ्या हाकायला बसल्यात का आज?" असं मणक्यांचे सर्जन मास्कच्या आतून विचारत आणि सगळी खोली हसे. स्पीकर चालू असल्यामुळे ते बाईंनाही ऐकू येई. त्या म्हणत, "बसलेय. हाका तुम्ही." एवढं बोलून त्या गप्प बसत. कामापुरतं बोलण्याची त्यांची पहिल्यापासूनची सवय.

त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या कागदावर. ऑपरेशनच्या खोल्यांमधून त्या 'तिकडच्या बाई' आणि ऑफिसात 'स्वेटरबाई'. कॉम्प्युटर तापू नयेत म्हणून त्या खोलीत बारा महिने थंडी सोडलेली असे, आणि माणसं गारठली तर त्याची कुणाला फिकीर नसे. बाई घरून येताना हातात तपकिरी स्वेटर घेऊन येत, खुर्चीत बसताना घालत आणि उठताना काढत.

आधीची वीस वर्षं त्यांनी हे काम प्रत्यक्ष टेबलाशेजारी उभं राहून केलं होतं. पेशंटला भूल चढली की त्याच्या डोक्याला, हातांना, पायांना बारीक सुया टोचायच्या, प्रत्येक सुईची तार पेटीत खोचायची. मग डोक्यातून हलका विजेचा झटका द्यायचा आणि तो पायापर्यंत पोचतो का ते पडद्यावर बघायचं. पोचला की पायाच्या रेघेला उंचवटा येतो. उंचवटा आहे तोवर वाट मोकळी. तो खाली बसला तर मध्ये कुठेतरी नस दबली, ताणली किंवा दुखावली, आणि मग सर्जनला थांबवायचं. पंचेचाळिशी उलटल्यावर बाईंची बोटं थरथरायला लागली. वडिलांचीही थरथरत, म्हणजे घराण्यातलंच दुखणं. सुई टोचणाऱ्याचीच बोटं थरथरली तर टोचून घेणाऱ्याचं काय होणार, म्हणून कुणी सांगायच्या आत त्या आपणहून ऑफिसातल्या साहेबांकडे गेल्या आणि पडद्यामागच्या कामावर बदली मागून घेतली. डोळे शाबूत होते. माउस धरायला थरथरती बोटंही चालतात.

तेव्हापासून सुया दुसरं कुणीतरी टोचे आणि रेघा तारेतून बाईंकडे येत. मणक्यांच्या सर्जनकडे सुया टोचायला जी होती ती तिशीतली, दोन मुलांची आई, हाताची चलाख. बाई तिला 'सुईवाली' म्हणत, ती बाईंना 'ताई'. चार वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. पण कुणाच्या घरी सासू आजारी आहे, कुणाचा पाइप गळतोय, ते सगळं पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत टाइप होऊन इकडून तिकडे जाई.

बाईंच्या स्वतःच्या घरात त्यांच्या कामाला काडीची किंमत नव्हती. "दिवसभर रेघा बघते आणि पगार घेऊन येते," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे हे त्या जरा मोठ्यानेच सांगत. नवरा लिफ्ट तपासणारा इन्स्पेक्टर, लोखंडी दोरांचा माणूस. त्याला तेवढं कळे. "आपलं दोघांचं सारखंच," तो म्हणे. "काही झालं नाही तर आपण बसून खातो, आणि काही झालं तर आपण झोपा काढत होतो." नवरा-बायकोचं एका गोष्टीवर एकमत असणं हीही काही थोडी गोष्ट नव्हे.

आता या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चाकू लागण्याआधी सकाळी प्रत्येक हातापायाची रेघ नोंदवून ठेवतात. तिला बेसलाइन म्हणतात. दिवसभर येणारी प्रत्येक नवी रेघ कॉम्प्युटर तिच्याशी ताडून बघतो. जुळली तर हिरवी, निम्म्यावर आली तर लाल. पण भुलेचा गॅस वाढवला की नसांना काही झालेलं नसतानाही सगळ्याच रेघा बसतात आणि पडदा उगाच लाल होऊन ओरडत सुटतो. अशा वेळी ती बसलेली रेघच नवी बेसलाइन म्हणून धरतात. त्याला परवानगी आहे. सगळे धरतात. एक बटण असतं, 'सर्व नवीन'. ते दाबलं की ओरडा थांबतो. फक्त दाबण्यापूर्वी एकेक हात, एकेक पाय वेगळा बघायचा असतो. सगळे सारखे बसलेत, का एखादा जास्तच बसलाय, ते बघायचं. हा नियम बाईंनी स्वतः निदान पंधरा नवख्यांना शिकवला होता.

त्या दिवशी बाईंच्या तीन पडद्यांवर तीन गावं होती. पहिल्यावर मणक्यांचे सर्जन, दुसऱ्यावर कुणाची तरी मान, तिसऱ्यावर गळ्यातली गाठ. पहिल्या पडद्यावरच्या पेशंटबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं: वय सेहेचाळीस, स्त्री, कंबरेचे मणके सरकलेले, आठ स्क्रू आणि दोन सळया. चेहरा दिसत नसे. चेहऱ्याशी त्यांचं काम नव्हतं.

पावणेनऊला सुईवालीने चारी हातापायांच्या रेघा पाठवल्या. झकास होत्या. डावा पाय तर उजव्यापेक्षा काकणभर सरसच.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी दोन गोष्टी एकदम झाल्या. दुसऱ्या पडद्यावर, मानेच्या ऑपरेशनमध्ये, पेशंटच्या उजव्या हाताची रेघ धाडकन बसली. बाईंनी तिकडे विचारपूस केली, "हात कसा आहे बघा," म्हणाल्या, तर चादरीखाली हात टेबलावरून खाली लोंबत होता. हात वर घेतला आणि रेघ वर आली. तिकडचे सर्जन म्हणाले, "वा बाई, आम्हाला चादरीवरून दिसलं नाही ते तुम्हाला तिथून दिसलं." बाईंना बरं वाटलं. कौतुक कुणाला आवडत नाही? तेवढ्यात पहिल्या पडद्यावर भुलेच्या डॉक्टरांचा निरोप आला होता, 'पेशंट हलतेय, गॅस वाढवला.' सगळ्या रेघा लाल. बाईंनी एका डोळ्याने निरोप वाचला, गॅस म्हणजे गॅस, असं मनाशी म्हटलं, आणि 'सर्व नवीन' दाबलं. पडदा हिरवा झाला.

तो पुढे पावणेदोन तास हिरवाच राहिला.

साडेबाराच्या सुमाराला भुलेच्या डॉक्टरांनी कळवलं, 'आता सळया घट्ट करायच्यात, गॅस पहिल्यासारखा कमी केला.' पाच-सात मिनिटं गेली. सुईवालीने सर्जनना हात बाजूला घ्यायला सांगून चाचणी घेतली. बाईंनी रेघा बघितल्या. दोन्ही हात तरारून वर आले होते. उजवा पाय वर आला होता. डावा पाय बेसलाइनशी तंतोतंत जुळत होता. हिरवागार.

बाईंचा चहाचा कप तोंडाशी होता, तो तिथेच थांबला. गॅस कमी झाल्यावर ज्या रेघेने वर यायला हवं ती जागची हलली नव्हती. बरोबर जुळत होती म्हणूनच ती चुकीची होती. त्यांनी फाइलमधून सकाळची, पावणेनऊची रेघ काढली आणि आत्ताच्या रेघेशेजारी ठेवली. सकाळची रेघ वीतभर होती. आत्ताची बोटभर. मग दहा-पन्नासची काढली. बाकीचे तिघे तेव्हा निम्म्यावर आले होते, डावा पाय एकदम पाव हिश्शावर.

म्हणजे गॅसने सगळ्यांना बसवलं होतं, आणि डाव्या पायाला गॅसशिवाय आणखी कशाने तरी. त्याच वेळी. आणि त्या दुसऱ्या कारणावर बाईंनी आपल्या हाताने हिरवं पांघरूण घातलं होतं.

बाईंना भीती वाटली. शेजारच्या टेबलावर नाना बसत. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले, सगळ्यांचे सल्लागार. बाईंचा चेहरा बघून ते खुर्ची सरकवत आले. पडदा बघताच सगळं त्यांच्या लक्षात आलं. या कामात मुरलेला माणूस तो.

"सर्जनना सांगा, डावा पाय पडला म्हणून," नाना हळूच म्हणाले. "आत्ता पडला म्हणा."

"आत्ता नाही पडला, नाना. दहा-पन्नासला पडलाय."

"ते मला दिसतंय. पण त्यांना थांबवायचंच आहे ना? मग थांबवा. कधी पडला याच्याशी काय करायचंय त्यांना? झाकली मूठ सव्वा लाखाची."

नाना वाईट माणूस नव्हते. बाईंनी या महिन्यात तीनशे तास भरले होते, मुलीची शेवटची परीक्षा होती, आणि अशा चुकीला काय शिक्षा होते ते नानांनी दोनदा जवळून पाहिलं होतं. त्यांना बाई वाचायला हव्या होत्या.

बाईंनी अर्धं मिनिट विचार केला. अर्धं मिनिट फार नसतं, पण तिकडे सळया घट्ट होत होत्या. 'आत्ता पडला' म्हटलं तर सर्जन काय करतील, ते त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. ते सळया सैल करतील. दहा मिनिटं थांबतील. रेघ येणार नाही, कारण सळयांनी ती गेलीच नव्हती. मग ते म्हणतील, आपण करायचं ते केलं. पाठ शिवून टाकतील. आणि दहा-पन्नासला जे काही झालं ते आतच राहील आणि नसेला दाबत बसेल, जन्मभर. वेळ बदलली तर जागा बदलणार होती. पाय वाचायचा तर दहा-पन्नासच सांगायला हवं होतं.

त्यांनी माइक चालू केला.

"साहेब, थांबा. हात काढा."

"काय झालं?"

"डावा पाय. घोट्यापासून खाली. पाव राहिलाय."

"आत्ता सळईने?" सर्जनचा आवाज लगेच बदलला. या माणसाला खोलीत सगळे 'वकील' म्हणत, कारण पुराव्याशिवाय ते आईवरही विश्वास ठेवणार नाहीत अशी त्यांची ख्याती होती. "सैल करतो. बघा येतोय का."

"सळईने नाही," बाई म्हणाल्या. "दहा-पन्नासला गेलाय. तेव्हा गॅस वाढवला होता, मी सगळ्यांची बेसलाइन नवीन केली. डावा पाय वेगळा बघितला नाही. माझी चूक. दहा-पन्नासच्या आधी पाच-दहा मिनिटांत तुम्ही डाव्या बाजूला जे केलं असेल ते बघा."

एरवी त्या खोलीत कुणी ना कुणी काहीतरी बोलत असे. भांडी वाजत, हवा ओढणारी नळी फुरफुरत असे. आता नळीही बंद केलेली होती.

"दोन तास, बाई?" सर्जन म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच बाईंना जास्त लागलं.

"पावणेदोन."

"सिस्टर, दहा चाळीस ते पन्नास. फळ्यावर काय आहे?"

नर्स प्रत्येक स्क्रूची वेळ भिंतीवरच्या फळ्यावर लिहीत असे. तिने वाचून दाखवलं, "दहा शेहेचाळीस, डावा, खालून दुसरा."

"तो एक्स-रेमध्ये चांगला दिसत होता," सर्जन म्हणाले. हे ते कुणाला सांगत होते कोण जाणे. मग बराच वेळ नुसती हत्यारांची खुडबुड. नानांनी आपली खुर्ची परत नेली नव्हती, ते बाईंच्या मागे उभे होते. सुईवालीने चौकटीत लिहिलं, 'ताई, स्क्रू काढतायत.' मग लिहिलं, 'भोकात बारीक सळी घालून चाचपतायत.' मग थोड्या वेळाने सर्जनच बोलले, "मणक्याची आतली भिंत फुटलीय. स्क्रू इथूनच नस दाबत होता. एक्स-रेत सापडला नसता." पुढचं वाक्य त्यांनी जरा थांबून म्हटलं. "सळया सैल करून मी बंद केलं असतं."

स्क्रू न घालता ती जागा तशीच सोडली. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, काही नाही. दहा मिनिटांनी, काही नाही. बाकीचे दोन पडदे बाईंनी मघाशीच नानांच्या हवाली केले होते. त्यांच्याने आता दुसरं काही बघवलं नसतं. अठराव्या मिनिटाला डाव्या पायाच्या रेघेला एक फुगवटा आला, डुगडुगता, पण आला. पाठ शिवेपर्यंत तो अर्ध्यावर पोचला. अर्ध्याच्या वर काही गेला नाही.

"आता?" सर्जननी विचारलं.

"अर्धा," बाई म्हणाल्या. "पुढचं मला इथून नाही सांगता येणार."

संध्याकाळी सुईवालीने कळवलं, पेशंट शुद्धीवर आली, डावा अंगठा हलवते, पण पाऊल वर उचलता येत नाही. बाईंनी त्याच दिवशी बसून कागद लिहिला. वेळा घातल्या, दोन्ही रेघांची चित्रं जोडली, दुसऱ्या पडद्याचं कारण मात्र लिहिलं नाही. एका वेळी तीन पडदे बघायला देतात हे ऑफिसातल्या साहेबांना ठाऊकच होतं, त्यांनीच ते दिले होते. चौकशी झाली, ती रीतसर आणि गोड शब्दांत. चालू ऑपरेशनांवरून बाईंना सहा महिने काढलं आणि जुन्या फाइली तपासायला बसवलं. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून 'सर्व नवीन' हे बटण काढून टाकलं. त्यामुळे सगळ्यांचं काम वाढलं, आणि काही जण त्याबद्दल बाईंशी धड बोलत नसत. नाना बोलत. "मी सांगत होतो," असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत.

घरी सासूबाईंनी विचारलं, "रेघा बघायचं पण काढून घेतलं? मग आता काय करतेस तिथे बसून?"

"जुन्या रेघा बघते," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने त्या आठवड्यात दोनदा भांडी घासली. त्याच्याकडून यापेक्षा जास्त कुणी अपेक्षा केली नसती. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "चूक सगळ्यांचीच होते गं." बाई म्हणाल्या, "हो, पण पाय तिचा गेला." त्याने तिच्या पानात भात वाढला. लिफ्टचे तुटलेले दोर त्यानेही पाहिले होते.

अडीच महिन्यांनी एका रविवारी दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"तुम्ही त्या तिकडच्या बाई ना?" कुणा अनोळखी बाईचा आवाज होता, जरा घोगरा.

"हो. कोण बोलतंय?"

"मी त्या दिवशी टेबलावर होते. डावा पाय."

बाई ओट्याशी उभ्या होत्या. हात पुसायचा राहिला. वीस वर्षं टेबलाशेजारी आणि पुढे पडद्यापुढे, मिळून हजारो माणसं त्यांच्या नजरेखालून गेली होती, पण त्यांतल्या कुणी त्यांच्याशी बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आधी ती झोपलेली असत आणि जागी होईपर्यंत बाईंचं काम संपलेलं असे.

"डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं," ती बाई म्हणाली. "कागद दाखवले, वेळा दाखवल्या. त्यांच्याकडूनच नंबर घेतला. एक विचारायचं होतं. तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?"

"नाही."

"मला तरी?"

"तुम्हालाही नाही. पाय अधू झाला, ऑपरेशनमध्ये होतं असं कधी कधी, एवढंच कळलं असतं."

"आणि तुम्ही वेळेवर बघितलं असतं तर?"

"तर आज पाय बहुतेक चांगला असता," बाई म्हणाल्या. दुसरं काही जोडावंसं त्यांना वाटलं, माफी मागावीशी वाटली. "माझं चुकलं. मला त्याचं फार वाईट वाटतं."

ती रडते आहे का, ते बाईंनी कान देऊन ऐकलं. रडत नव्हती.

"मी कपडे शिवते," शेवटी ती म्हणाली. "पायमशीनवर. सत्तावीस वर्षं झाली. पाऊल अर्धंच वर येतं, त्यामुळे पायडलची लय राहत नाही. लय सुटली की चाक उलटं फिरतं, आणि चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा बसलेय, सकाळपासून हेच चाललंय. फोन खाली ठेवते. ऐका."

ठक, असा फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग मशीन सुरू झालं. चार टाके गेले असतील नसतील, कट्, आणि थांबलं. "तुटला," आवाज लांबून आला. दोरा परत ओवायला वेळ लागला. पुन्हा सुरू झालं, पुन्हा चार-पाच टाके, कट्. "तुटला." तिसऱ्या खेपेला जरा जास्त गेलं. सासूबाई आतून मोठ्याने विचारत होत्या, कोण आहे फोनवर, एवढा वेळ काय बोलतेयस? बाईंनी हातानेच थांबा म्हटलं. चौथ्या खेपेला तुटला. पाचव्याला वीतभर शिवण झाली असेल आणि मग तुटला. आता ती बाई 'तुटला' असं म्हणतही नव्हती, नुसती ओवत होती. फोन चालू आहे याचा तिला विसर पडला होता, किंवा पडला नव्हता.

बाईंनी फोन ठेवला नाही. नवव्यांदा दोरा तुटला तेव्हा त्या ओट्याला टेकून खाली फरशीवर बसल्या होत्या, आणि फोन कानाला तसाच होता.